येथे मराठी बोलू नये

भाषा ही मानवाची सर्वश्रेष्ठ निर्मिती आहे. तिच्याच बळावर मनुष्याने पशुत्वाचा त्याग करून संस्कृतीच्या शिखराकडे वाटचाल केली. मिरजेच्या शब्दक्षय उपचार केंद्रात शिरताना समोरच्या भिंतीवर हे वाक्य हातभर उंच अक्षरांत रंगवलेलं होतं. त्याच्या खाली, त्याच रंगाऱ्यानं, त्याच रंगात लिहिलं होतं : येथे मराठी बोलू नये. थुंकू नये. चपला बाहेर काढाव्यात.

त्रिशलाबाई मगदूम यांनी तिन्ही सूचना वाचल्या आणि चपला काढल्या. थुंकण्याचा प्रश्न नव्हता. राहिली मराठी.

बरोबर त्यांचे यजमान होते. पारिसनाथ मगदूम सांगलीच्या हळद बाजारात सौद्याच्या वेळी भाव पुकारायचे. सगळा बाजार त्यांना अण्णा म्हणायचा. आवाज असा, की अण्णांनी पुकारा केला की पलीकडे गुळाच्या सौद्याला उभी असलेली माणसं चुकून हळदीवर बोली लावत, असं लोक सांगायचे. जन्मभर त्यांनी घशाच्या जिवावर भाकरी खाल्ली होती. घरी आल्यावर घसा विश्रांती घेई.

आजार कळला तोही सौद्यातच. एका सकाळी ढिगापुढे उभे राहून अण्णांनी मूठ भरून माल वर धरला, "बघा, एक नंबर," म्हणाले, आणि पुढचा शब्द येईना. "एक नंबर... ही... ही पिवळी." व्यापाऱ्यांना वाटलं, मालात काहीतरी गुपित आहे. भाव चढला. शेतकरी अण्णांच्या पाया पडला. मग 'पोतं' गेलं, 'तराजू' गेला, आणि एके दिवशी सख्ख्या भावाला समोर बसवून अण्णा त्याचं नाव आठवत राहिले. भाऊ रडला. अण्णांनी त्याला पाणी दिलं, पण काय दिलं ते सांगता आलं नाही.

त्या वर्षांत शब्दक्षय गावोगाव झाला होता. मेंदूतलं एक प्रथिन चुकीची घडी घालून बसतं आणि शेजारच्या पेशीतल्या प्रथिनाला तीच घडी शिकवतं. ज्या पेशींचं एकमेकींशी जाणंयेणं जास्त, त्या आधी बिघडतात. त्यामुळे शब्द एकेकटे मरत नाहीत, घोळक्यानं मरतात. हळद गेली की पोतं जातं, पोतं गेलं की हमाल. माणसं ओळखता येतात, राग-लोभ शाबूत असतात, वाट चुकत नाही. फक्त बोलता येत नाही आणि दुसरा बोललेलं कळत नाही.

उपाय सापडला तो असा. रोग्याच्या कातडीच्या पेशींपासून मेंदूच्या कोवळ्या पेशी वाढवायच्या आणि त्यांचा मसुरीएवढा ठिपका उजव्या कानामागे, आत, बसवायचा. मराठी राहते डाव्या बाजूला. तिच्यापासून हा होईल तितका लांब. ठिपका कोरा असतो, त्यात नवी भाषा पेरता येते. अट एकच, नव्या भाषेची जुनीशी ओळख होता कामा नये. 'ख्राल म्हणजे पाणी' असं एकदा जरी शिकवलं, तरी ख्रालपासून पाण्यापर्यंत पेशींचा पूल तयार होतो आणि त्या पुलावरून रोग रमतगमत पलीकडे जातो. 'म्हणजे' हा त्या केंद्रातला सर्वांत घातक शब्द होता.

आता नवी भाषा आणायची कुठून? हिंदी, कन्नड, इंग्रजी या भागात सगळ्यांच्या कानांवरून गेलेल्या. जपानीचे शिक्षक मिरजेला यायला तयार झाले, राहायला नाही. अखेर निवड झाली थूरीची.

वीसेक वर्षांपूर्वी टीव्हीवर 'लाल चंद्राचा वेढा' नावाची मालिका लागायची. तिच्यात थूर नावाचे परग्रहवासी पृथ्वीला वेढा घालतात. निर्मात्यानं हौसेनं एका तज्ज्ञाकडून थूरांची भाषा बनवून घेतली होती. कोणत्याही मानवी भाषेसारखी वाटता कामा नये, अशी ताकीद देऊन. तज्ज्ञानं काम इतकं चोख केलं की नटांना संवाद पाठ होईनात आणि वेढा मध्येच उठला. भाषा मात्र टिकली. पुण्यात तिच्या चाहत्यांचं मंडळ निघालं, पुण्यातच निघाल्यामुळे लवकरच दोन झाली, आणि एकमेकांवर थूरीतून टीका करता करता त्यांनी शब्दसंख्या चांगलीच वाढवली.

केंद्राचे प्रमुख डॉ. आठल्ये यांनी अण्णांना दोन वाटा सांगितल्या. मराठी आणखी वर्षभर पुरेल, रोज थोडी थोडी कमी होत. नंतर काही नाही. किंवा मराठी आत्ताच सोडायची, आणि दोन-तीनशे शब्दांची थूरी जन्मभर.

"जन्मभर म्हणजे किती?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

"ह्यांचं हृदय उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. आनंदाची बातमी द्यावी की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

अण्णा शब्द वेचत बोलले. "वर्षभर... बोलून काय... बोलणार? पुढं हिच्याशी... मुक्यानं भांडू?"

"आत्ता तरी कुठं बोलताय," त्रिशलाबाई म्हणाल्या. पण त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि अण्णांनी मान डोलावली. ठरलं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी केंद्राच्या रिवाजानुसार रोग्याला शेवटचं मराठी वाक्य बोलायची संधी देत. काही जण देवाचं नाव घेत. एका निवृत्त प्राध्यापकांनी भाषण सुरू केलं होतं, ते भूल देऊन थांबवावं लागलं. अण्णा खुर्चीत बसले होते. बाहेर अंधारून येत होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, घसा साफ केला. त्रिशलाबाईंनी श्वास रोखला.

"अगं, खिडकी लाव. डास येतील."

लग्न झाल्यापासून रोज दिवेलागणीला हेच वाक्य होतं. घरी खिडकी अण्णांच्या हाताशी असायची; ती लावायला त्रिशलाबाई स्वयंपाकघरातून यायच्या. त्यांनी उठून खिडकी लावली. अण्णांची मराठी तिथं संपली.

*

वॉर्डाच्या दारात जमिनीवर पिवळा पट्टा ओढलेला होता. पट्ट्याच्या आत फक्त थूरी. बाहेर व्हरांड्यात नातेवाईक उभे असत. इतर इस्पितळांत लोक विडी ओढायला बाहेर जातात, तसे इथले लोक मराठी बोलायला बाहेर यायचे. घाईघाईनं, अपराधी चेहऱ्यानं, पोटभर बोलून पुन्हा आत.

शिकवायला फरीदा मुजावर होती. शाळेत असताना तिला त्या मालिकेचं वेड लागलं आणि ती थूरी शिकली. 'ह्यानं पोट भरणार हाय का?' असं वडिलांनी तेव्हा विचारलं होतं. आता भरत होतं.

"पाहुण्यांनीही शिकायचं, काकू," तिनं व्हरांड्यात त्रिशलाबाईंना सांगितलं. "तुम्हाला 'म्हणजे' चालतं, तुमचा मेंदू ठणठणीत आहे. ब्रोग म्हणजे चहा."

"त्यांच्यात चहा घेतात?"

"नाही. कैद्यांना द्यायचं एक पेय असतं. तेच आपण चहाला लावलंय."

"बरं. आणि जेवण?"

"मोर्ख."

"म्हणजे नक्की काय खातात ते?"

फरीदा जरा घुटमळली. "मांसच. पण दुसऱ्या ग्रहावरचं."

"मग आम्हा जैनांना चालत नाही," त्रिशलाबाई म्हणाल्या. पुण्याच्या दोन्ही मंडळांना विचारून भाजीसाठी निराळा शब्द मागवण्यात आला. एका मंडळानं कळवलं, थूरांच्या ग्रहाला दोन सूर्य आहेत, तेव्हा सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांनी कोणता सूर्य धरायचा ते स्पष्ट करावं.

युद्धासाठी बनवलेल्या भाषेत संसार थाटणं सोपं नव्हतं. जखमेला पाच शब्द होते, उशीला एकही नाही. मालिकेत कुणीच कधी संडासला गेलं नव्हतं; 'तळघरात उतरतो' असं म्हणायचं ठरलं. आभार मानण्याची पद्धत थूरांत नसल्यामुळे त्यातल्या त्यात जवळचं 'ओल्झ' घेतलं. त्याचा अर्थ, 'तुला जगू दिलं'. झाकण, दार, खिडकी, पेटी काहीही बंद करायचं असलं, तर अंतराळयानाच्या झडपेसाठी असलेला एकच हुकूम : 'त्सूम'.

अण्णांना 'म्हणजे'शिवाय शिकवायचं होतं. फरीदा त्यांच्या हातावर पाणी ओतायची आणि म्हणायची, "ख्राल." ग्लासात ओतायची, "ख्राल." तोंडावर शिंपडायची. तिनं तांब्या हातात घेतला की पुढं काय होणार ते त्यांना कळू लागलं, आणि एके सकाळी ते पाठीमागे सरकून म्हणाले, "ख्राल." आवाज तोच होता, सौद्यातला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं दचकून पाणी प्यायलं.

"आता हाक मारायचं शिका," फरीदा त्रिशलाबाईंना म्हणाली. "मराठी नाव जुन्या पेशींना चिकटलेलं असतं, म्हणून आत सगळ्यांना थूरी नाव असतं. अण्णांचं नाव ओर्दाख."

"हा कोण?"

"थूरांचा सेनापती. गावंच्या गावं जाळतो."

"ह्यांनी घरात कधी उदबत्ती लावली नाही."

"एकदा म्हणून बघा, काकू. ओर्दाख."

त्रिशलाबाईंनी मान खाली घातली. लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. रेशनच्या रांगेत नाव विचारलं, तर शेजारणीला पुढं करायच्या. "मी न्हाई म्हणायची," त्या म्हणाल्या.

"ते काही त्यांचं खरं नाव नाही."

"त्यांचं ठेवलंय न्हवं? मग खरंच की."

फरीदानं हट्ट केला नाही. हाक मारायचीच असेल, तर खाटेशी जाऊन बोला, म्हणाली. त्रिशलाबाई आत गेल्या, खाटेशी बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, ख्राल?"

फरीदानं ते ऐकलं होतं. पण 'अहो' हा शब्द आहे असं तिच्या मनातच आलं नाही. घरी तीही नवऱ्याला तशीच हाक मारायची. वॉर्डाच्या छताला एक यंत्र होतं, मराठी शब्द कानावर आला की त्याचा तांबडा दिवा लागे. दिवा लागला नाही. यंत्राला मराठी शिकवणाऱ्या अभियंत्यांनी 'अं', 'हं', 'बरं का' यांच्याबरोबर 'अहो'ही वगळलं होतं. घराघरांत ते इतकं येतं, की त्यात अर्थ असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

पुढचे महिने बरे गेले. अण्णांना भूक सांगता येऊ लागली, पाठ कुठं दुखते ते सांगता येऊ लागलं, आणि आवाज चढवता येऊ लागला. कारल्याची भाजी समोर आली तेव्हा त्यांनी 'मी इथंच लढत मरेन' असं जाहीर केलं. थूरीत 'नको' नव्हतं. चहाचा कप परत देताना म्हणायचे, "ओल्झ." त्रिशलाबाई कप घेऊन जात. एवढ्या वर्षांत चहाबद्दल त्यांना पहिल्यांदाच काही ऐकायला मिळत होतं.

दिवेलागणीला एकदा अण्णांनी खिडकीकडे बोट केलं. "अहो, त्सूम."

त्रिशलाबाईंनी खिडकी लावली आणि तशाच पट्ट्याबाहेर आल्या. "फरीदा, मला 'अहो' म्हणाले."

"कोण?"

"कोण काय विचारतीस. जन्मभर अगं-अगं केलं, आता अहो म्हणतायत."

दोघी हसल्या. फरीदाला कौतुक वाटलं. त्या दिवसापासून अण्णांचं प्रत्येक वाक्य तसंच सुरू होऊ लागलं. अहो, ख्राल. अहो, ब्रोग. अहो, नूप, म्हणजे दुखतंय. वॉर्डातल्या बाकीच्या बायका हेवा करू लागल्या.

*

मग एका सकाळी अण्णांनी रिकामा ग्लास पुढं केला आणि काहीच बोलले नाहीत. फरीदानं पाणी ओतलं. "ख्राल," ती म्हणाली. अण्णांनी तिच्याकडे नम्रपणे पाहिलं, अनोळखी भाषेतल्या माणसाकडे पाहावं तसं.

आठवड्यात 'ब्रोग' गेलं. कारल्याची भाजी आली, ती त्यांनी मुकाट्यानं खाल्ली. ते पाहून त्रिशलाबाई पट्ट्याबाहेर येऊन रडल्या.

डॉ. आठल्ये यांनी त्यांना आपल्या खोलीत बोलावलं. फरीदा आधीच तिथं उभी होती. पडद्यावर त्या मसुरीएवढ्या ठिपक्याचं चित्र मोठं करून लावलं होतं. बारीक रेघांचं जाळं, आणि सगळ्या रेघा एका जागी येऊन मिळत होत्या, गावातले सगळे रस्ते एसटी स्टँडला मिळतात तशा.

"आम्ही पूल शोधत होतो," डॉक्टर म्हणाले. "रोग आत आला कुठून ते. प्रत्येक वाक्यात येणारा, प्रत्येक शब्दाला जोडलेला असा एक शब्द सापडला. जुन्या बाजूलाही त्याची मुळं आहेत, फार खोल." ते थांबले. "अहो."

"काय?" त्रिशलाबाई म्हणाल्या.

"तोच शब्द. अहो."

त्रिशलाबाईंना समजायला वेळ लागला. "तो शब्द हाय?"

"आम्हालाही नव्हतं वाटलं," डॉक्टर म्हणाले. फरीदा फरशीकडे बघत होती. तेवढ्यात दारातून परिचारिकेनं हाक मारली, "अहो डॉक्टर," आणि तिघंही दचकली.

"आता बंद करते," त्रिशलाबाई म्हणाल्या. "तोंडातून काढायची न्हाई."

"उशीर झालाय. आता तुम्ही नुसत्या दिसलात तरी त्यांच्या डोक्यात तो शब्द पेटतो." डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "एक करता येईल. वापर नसला की पूल वाळतो. तुम्ही येणं थांबवलंत, तर उरलेले शंभरेक शब्द वाचतील. फरीदा आहे, वॉर्डातले लोक आहेत, सगळे थूरीच बोलतात. अण्णा बोलत राहतील."

"किती दिवस यायचं न्हाई?"

"कायमचं."

"आणि येत राहिले तर?"

"दिवाळीपर्यंत काही उरणार नाही. मग तुम्ही बोललेलंही त्यांना कळणार नाही."

"मग बोलायला शिकले ते कुणाशी?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

निर्णय नातेवाइकांनी घ्यायचा असतो, असं डॉक्टर म्हणाले.

व्हरांड्यात आल्यावर फरीदा म्हणाली, "काकू, मी ऐकत होते. रोज ऐकत होते."

"तू काय करणार. मी तुझ्या तोंडून तेच ऐकत होते की, नवऱ्याला फोन करताना." त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मी ह्यांनाच विचारते. आतापर्यंत सगळं मीच ठरवत आले, आणि ह्यांना वाटायचं हे ठरवतात. ह्यावेळी खरंच विचारते. 'तुम्हाला काय वाटतं' ह्याला काय म्हणायचं?"

"तसं थूरीत नाही. आज्ञा मागता येते फक्त."

"तेवढं शिकव. जे शब्द अजून हायत त्यांच्याकडं, त्यातनंच."

उरलेल्या शब्दांत बायको नव्हती, एकटं नव्हतं, करमत नव्हतं. माघार होती, ठाणं होतं, जिवंत आणि मृत होतं. फरीदानं व्हरांड्यातल्या बाकावर बसून पाच वाक्यं जुळवून दिली. त्रिशलाबाई ती ओठांत घोकत राहिल्या. "ह्यात ह्यांना अरे-तुरे करावं लागतंय," मध्येच थांबून म्हणाल्या.

"थूरीत सगळे तूच आहेत, काकू."

"वाईट भाषा हाय," त्रिशलाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

सूर्यास्ताआधीचं जेवण उरकलं होतं. अण्णा खाटेवर खिडकीकडे तोंड करून बसले होते. पलीकडे दोन म्हातारे पत्ते खेळत एकमेकांना कैद करण्याच्या धमक्या देत होते. त्रिशलाबाईंनी पट्टा ओलांडला, त्यांच्यासमोर, खिडकीजवळ, खाटेपासून जरा लांबच उभ्या राहिल्या, पदर खांद्यावरून घेतला, आणि नाव घेतलं.

"ओर्दाख."

अण्णांनी मागे वळून पाहिलं, कुणीतरी मोठा माणूस आला असावा अशा अदबीनं. मागे कुणी नव्हतं. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"मी माघार घेते," त्रिशलाबाई थूरीत म्हणाल्या. "तुझे शब्द जिवंत." त्यांनी श्वास घेतला. "मी ठाण्यावर राहते. तुझे शब्द मृत." घोकलेलं संपत आलं होतं. "आज्ञा दे."

पत्ते थांबले. फरीदा पट्ट्यावर उभी होती, धड आत ना बाहेर. अण्णा बायकोच्या तोंडाकडे पाहत होते. समजलं की नाही, चेहऱ्यावरून कळत नव्हतं. मग त्यांनी पाठ ताठ केली, हनुवटी वर उचलली, गळ्याची शीर तट्ट फुगली. शेवटचा भाव पुकारण्याआधी हळद बाजारात ते असेच उभे राहायचे, आणि तेव्हा माल घेणारा आणि विकणारा दोघेही श्वास घ्यायचं विसरायचे.

बाहेर अंधारून आलं होतं. एक डास आला, अण्णांच्या मनगटावर बसला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग तिच्याकडे.

"अहो," ते म्हणाले, "त्सूम."